जमिनीत पुरलेली देणगी

(मननासाठी शास्त्रभाग : मत्तय २५ : १४–३०)



प्रभू येशूने आपल्या दुःखसहनाच्या थोडेच दिवस आधी जैतुनांच्या डोंगरावर बसून शिष्यांना जे दाखले सांगितले, त्यांपैकी एक आज आपण मननासाठी घेतला आहे. परदेशी जाणारा एक धनी आपल्या दासांना बोलावतो आणि आपली मालमत्ता त्यांच्या हाती सोपवतो. एकाला पाच वाटे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यवहार करून मिळालेले दुप्पट करतात. तिसरा जमीन खणतो, त्याला मिळालेले तिच्यात पुरतो आणि स्वस्थ बसतो.

हा दाखला ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. शब्बाथशाळेतील लहान लेकरेही तो घडाघडा सांगतात. परंतु जे वारंवार कानांवर पडते ते कानांतच राहते आणि अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही, असा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून आज आपण ह्या तिसऱ्या दासापाशी थोडा वेळ थांबू. खेडोपाडीच्या मंडळ्यांत फिरताना आम्हांला असे दिसून आले आहे की ह्याचेच भाऊबंद आपल्यांत फार आहेत. त्यांत आम्हीही एके काळी होतो, आणि तेही वाईट रीतीने होतो. ते पुढे सांगू.

पहिली गोष्ट ही की, एक म्हणजे थोडे नव्हे.

आपल्या जुन्या मराठी भाषांतरात ही रक्कम हजार रुपयांच्या हिशेबाने दिलेली आहे. मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो एका मोठ्या वजनाचे नाव आहे. तेवढ्या वजनाच्या रुप्याची किंमत त्या काळच्या सुमारे सहा हजार दिनारांइतकी होत असे. आता एक दिनार म्हणजे किती? ह्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याने मजुरांशी जी दिवसाची मजुरी ठरवली, ती एक दिनारच होती. म्हणजे सहा हजार दिवसांची मजुरी! शब्बाथ आणि सणांचे दिवस वगळून हिशेब केला, तर एका मजुराच्या सुमारे वीस वर्षांच्या कष्टांचे मोल झाले. ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्या पदरात एवढे पडले होते!

तरी त्याने ते पुरले. का पुरले? तो चोर नव्हता. तो उधळ्या किंवा व्यसनी होता असेही शास्त्र सांगत नाही. धन्याचे होते तेवढे त्याने जसेच्या तसे परत आणून दिले. आपल्या गावात असा मनुष्य असता, तर लोकांनी त्याला भला माणूसच म्हटले असते. परंतु त्याच्या मनात भय होते. धनी कठोर आहे, चुकलो तर गय करणार नाही, अशी त्याने समजूत करून घेतली होती. तसेच पाच आणि दोन मिळालेल्या सोबत्यांकडे पाहून त्याला आपले एक क्षुल्लक वाटले असेल काय? शास्त्रात हे लिहिलेले नाही. परंतु मनुष्याचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. धन्याने ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे वाटून दिले, हे मात्र शास्त्र स्पष्ट सांगते. ज्याला एक मिळाले त्याला ते पेलेल हे ओळखूनच ते दिलेले होते.

शेतकरी बांधवांनो, ह्यांतील भेद तुम्हांला आमच्याहून अधिक कळतो. बी मातीत घातले तर ते पेरणे होय. रुपया मातीत घातला तर ते पुरणे होय. दोन्ही वेळी खणण्याचे कष्ट पडतात आणि दोन्ही वेळी वरून माती सारखी करावी लागते. परंतु पाऊस पडला म्हणजे एक ठिकाण हिरवे होते आणि दुसरे तसेच राहते.

दुसरी गोष्ट ही की, देणगी कशाला म्हणावे हे आपण नीट समजून घेतलेले नाही.

एखाद्या गावी गेल्यावर आम्ही विचारतो, “तुमच्या मंडळीत देवाने कोणाला काय दिले आहे?” तेव्हा लोक एकमेकांकडे पाहतात आणि मग सारे उपदेशकाकडे बोट दाखवतात. त्यांना वाचता येते, त्यांना प्रार्थना करता येते, त्यांना बोलता येते. आम्ही आडाणी माणसे, आमच्यापाशी काय आहे? असे उत्तर मिळते. जणू काय देवाने साऱ्या गावात एकालाच दिले आणि बाकीच्यांना रिकाम्या हातांनी पाठवले!

निर्गमाच्या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय उघडून पाहा. देवाने मोशेला एका मनुष्याचे नाव सांगून म्हटले की मी ह्याला माझ्या आत्म्याने भरले आहे. हा मनुष्य कोण होता? याजक नव्हे, संदेष्टाही नव्हे. तो बसालेल नावाचा कारागीर होता. सोने, रुपे, पितळ ह्यांचे काम, रत्नांना पैलू पाडणे, लाकडावर कोरीव काम करणे, हे त्याचे सामर्थ्य होते. ज्याच्या हातांत छिन्नी आणि हातोडा त्याच्या हातांतही देवाचा आत्मा काम करतो, असे शास्त्र सांगते. त्याच पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात स्त्रियांविषयीही लिहिले आहे. त्यांनी आपल्या हातांनी सूत काढले, आणि शेळ्यांचे केसही कातले. जे केस आपण शेळीच्या अंगावर पाहतो, त्यांच्या सुताचे पडदे देवाच्या निवासमंडपावर चढले!

नव्या करारातील यापो नगरातील तबीथा हिची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. तिने केलेला उपदेश कोठेही लिहून ठेवलेला नाही. ती मेली तेव्हा विधवांनी पेत्राभोवती उभे राहून रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवली. त्या अंगरख्यांचे टाके हीच तिची साक्ष होती.

तेव्हा कोणी उत्तम दोर वळतो, कोणी शिंदीच्या केरसुण्या अशा बांधतो की वर्षभर काडी निसटत नाही. कोणाच्या हाती गुरे शांत राहतात. कोणा बाईला बाळंतिणीजवळ बसून धीर देता येतो. कोणी भांडणाऱ्या दोन भावांमध्ये बसला म्हणजे आवाज आपोआप खाली येतात. कोणाला हिशेब तोंडपाठ राहतो. ह्या साऱ्या देणग्याच आहेत.

मग आपली देणगी ओळखावी कशी? आमच्या अल्प अनुभवातून तीन खुणा सांगतो.

पहिली खूण : ज्या कामाला कोणी हाक मारल्यावाचून आपले हात लागतात, आणि जे करून शरीर थकले तरी मन थकत नाही, त्या कामाकडे लक्ष द्या.

दुसरी खूण : शेजारी आपल्या दाराशी काय मागायला येतात ते पाहा. आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, तो समोरच्याला दिसतो. देणगीचेही तसेच आहे. दिवा लावून आपले अंतःकरण धुंडाळूनही जे सापडत नाही, ते शेजारीण उंबऱ्यावर उभी राहून एका वाक्यात सांगून जाते.

तिसरी खूण : दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताच आपल्याला सर्वांआधी काय दिसते? एकाला कोपऱ्यात निजलेला आजारी दिसतो. दुसऱ्याला गळके छप्पर दिसते. तिसऱ्याला शाळा सोडून घरी बसलेले पोर दिसते. जी उणीव ज्याला प्रथम दिसते, ती भरून काढण्याचे काहीतरी बहुधा त्याच्याच पदरी बांधलेले असते.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एका घराचे उदाहरण घेऊ.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. काव्याचे दान त्यांना आधीपासूनच होते. संतांच्या अभंगांत त्यांचे मन मुरलेले होते. ख्रिस्ती झाल्यावर, अभंग आणि कीर्तन हे जुन्या धर्माचे म्हणून ते सोडून द्यावे, असे त्यांना म्हणता आले असते. पुष्कळांनी त्यांच्याकडून तशी अपेक्षाही केली असती. त्यांनी ते पुरले नाही. त्याच अभंगांत आणि त्याच कीर्तनात त्यांनी ख्रिस्ताची गोष्ट घातली. ती पदे आज शंभरांहून अधिक वर्षे आपल्या मंडळ्यांत गाइली जात आहेत. परक्या चालीवर जीभ अडखळणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाही त्यामुळे देवाची स्तुती आपल्या आजीच्या सुरात करता आली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) ह्यांची गोष्ट तर आमच्या विषयाला अधिकच लागू पडते. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरांची ओळख त्यांना घरी, पतीच्या हौसेने झाली. पती कवी, विद्वान, सभा गाजवणारे. त्यांच्यापुढे आपण काय, असे त्यांना वाटले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु पाहिलेले आणि ऐकलेले जसेच्या तसे ध्यानात ठेवणे, आणि ते साध्या घरगुती बोलीत, हसत हसवत सांगणे, हे दान त्यांना मिळालेले होते. पती वारले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्यानंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत निघाले. मराठी भाषेतील उत्तम आत्मचरित्रांत आज ते गणले जाते, आणि ख्रिस्ती नसलेले लोकही ते आवडीने वाचतात. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोड्या अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. पुढचे बहुतेक सारे अध्याय लिहून तेही लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. ज्या बाईला कोणी शाळेत घातले नाही, तिने कवीचे अर्धवट राहिलेले काम तडीस नेले! आपले वय झाले, आता काय शिकायचे, असे म्हणणाऱ्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावे.

आता आम्ही ज्याचा आरंभी उल्लेख केला ती गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला लाज वाटते. तथापि ती न सांगता हा उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सेमिनरीतील शिक्षण संपवून आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो. एका लहान गावातील मंडळी आमच्याकडे सोपवण्यात आली. त्या मंडळीत एक वयोवृद्ध बंधू होते. तरुणपणी ते तमाशाच्या फडात तुणतुणे वाजवीत. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी फड सोडला, पण तुणतुणे सोडले नाही. अक्षर एक येत नव्हते. परंतु उपदेशकाने शास्त्रातील जी गोष्ट वाचून दाखवावी, ती दोन दिवसांत त्यांच्या पदांत उतरे. दिवेलागणीनंतर ते आपल्या ओट्यावर बसून गात. उधळ्या पुत्राचे पद ऐकायला साऱ्या आळ्यांतील माणसे येऊन बसत, आणि ज्यांनी आमच्या प्रार्थनामंदिराची पायरी कधी चढली नव्हती ते डोळे पुशीत उठत.

आम्ही ते पाहिले, आणि आम्हांला काय दिसले? आम्हांला तमाशाची चाल तेवढी दिसली. टिळकांविषयी परीक्षेत उत्तरे लिहून चांगले गुण मिळवलेले आम्ही! आम्ही त्यांना बाजूला बोलावून म्हटले, “बाबा, हे वाद्य आणि ह्या चाली देवाच्या लोकांना शोभत नाहीत. आता मंडळीत पेटी आली आहे. हे बंद करा.” त्यांनी वाद केला नाही. तुणतुणे काखेत धरले, मान लववली आणि ते निघून गेले. त्या संध्याकाळपासून ओटा मुका झाला. आम्हांला मात्र वाटले की आपण मंडळीत शिस्त आणली.

पुढे आमची बदली झाली. दहा-बारा वर्षांनी एका प्रसंगाने त्या गावी जाणे झाले, तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. दृष्टी अधू झाली होती, हात कापत होते. बोलता बोलता वर माळ्याकडे नजर गेली. फडक्यात गुंडाळलेले तुणतुणे तेथे पडले होते. तार नव्हती, आणि चामड्याला उंदीर लागला होता. आम्ही विचारले, “बाबा, इतकी वर्षे एकदाही खाली काढले नाहीत?”

ते म्हणाले, “न्हाई साहेब. तुमी शिकल्याली मानसं. मला वाटलं, देवाचंच म्हननं आसंल.”

बंधुभगिनींनो, त्या शब्दांनी आमच्या काळजाला जो चटका बसला तो अजून शमलेला नाही. त्या दासाने निदान आपले स्वतःचे पुरले. आम्ही दुसऱ्याचे पुरले, आणि त्यावर देवाचे नाव लिहिले! आम्ही त्यांच्यापुढे हात जोडले आणि क्षमा मागितली. त्यांनी ती लगेच केली. परंतु क्षमा मिळाल्याने गेलेली पदे परत येत नाहीत. आम्ही वही घेऊन तीन दिवस त्यांच्याजवळ बसलो. ते आठवून आठवून म्हणत आणि आम्ही लिहून घेत होतो. सहा पदे पुरी मिळाली. उधळ्या पुत्राचे पद, जे ऐकून लोक रडत, त्याच्या दोन ओळींपुढे त्यांना आठवेना. कपाळावर हात मारून ते म्हणाले, “गेलं साहेब.” पुढच्या पावसाळ्यात ते प्रभूकडे गेले. त्यांच्या नातवाने तुणतुण्याला नवे चामडे आणि तार लावून घेतली आहे, आणि ती सहा पदे तो गातो. सातवे आता स्वर्गातच ऐकायला मिळेल.

तेव्हा तिसरी गोष्ट ही की, आपल्या हातांत फावडे आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे. उपदेशक बंधूंनो, हे विशेषतः आपल्यासाठी आहे. प्रार्थना आपणच चालवावी, गीत आपणच काढावे, आजाऱ्याकडे आपणच जावे, वर्गणीचा हिशेबही आपणच ठेवावा, ह्याला आपण सेवा म्हणतो. परंतु त्याच्याखाली कित्येकांच्या देणग्या गाडल्या जातात. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला होता. ते पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला सांगितले की हे बरे नव्हे. तूही झिजशील आणि लोकही झिजतील. मोशेने ते ऐकले. आईबापांनो, मूल चिखलाची चित्रे करीत बसले म्हणजे त्याच्या पाठीत धपाटा घालण्याआधी ती चित्रे एकदा पाहा. पती बंधूंनो, “तुला काय कळते?” हे तीन शब्द म्हणजे फावड्याचे तीन घावच आहेत.

शेवटची गोष्ट वाटून देण्याविषयी. पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शिकवले आहे की ज्याला जे दान मिळाले ते त्याने एकमेकांच्या सेवेसाठी वापरावे. आपण कारभारी आहोत, मालक नव्हे. कित्येकांना भय वाटते की दुसऱ्याला दिले तर आपले कमी होईल. आपल्या विहिरीकडे पाहा. जिचा उपसा चालू असतो तिचे झरे मोकळे राहतात. जिच्यात पोहरा सोडत नाहीत तिच्यात गाळ साचतो आणि पाण्याला वास येतो.

तसेच केवळ कामाचे फळ देऊन थांबू नका, काम शिकवा. गावात एखादा म्हातारा असतो. गुरांच्या दुखण्यावरची मुळी त्यालाच ओळखता येते. तो ती कोणाला दाखवत नाही, आणि एके दिवशी मुळीची ओळख त्याच्याबरोबर मातीत जाते. असे आपल्यांत होऊ नये. जिला चांगले शिवता येते तिने दोन मुलींना जवळ बसवावे. ज्याला वाचता येते त्याने एका न वाचणाऱ्याचे बोट धरून अक्षरांवरून फिरवावे. आणि हे केवळ आपल्या मंडळीपुरते नसावे. धन्याचा पाऊस बांध पाहून पडत नाही. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या दारीही आपली देणगी पोहोचावी.

आमची एक सूचना आहे. येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर लगेच घरी जाऊ नका. थोडा वेळ वर्तुळ करून बसा, आणि प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताला बसलेल्या मनुष्यात देवाने काय ठेवले आहे ते सांगावे. स्वतःविषयी कोणी बोलू नये, शेजाऱ्याविषयीच बोलावे. पहिल्याने लाज वाटेल, कोणी हसतील. तरी करून पाहा. ज्याच्याविषयी आजवर कोणी चांगला शब्द काढला नाही असा मनुष्य तुमच्यांत असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे त्या वेळी पाहा. आणि ज्याचे आपण कधी काही पुरले असेल, त्याच्या घरी त्याच सायंकाळी जा. आम्ही दहा-बारा वर्षांनी गेलो. तुम्ही एवढा उशीर करू नका.

धनी परत येणार आहे. तो आल्यावर हिशेब मागेल. पाचवाल्याकडे पाचाचा, एकवाल्याकडे एकाचा. दुसऱ्याचे पाच तुझ्यापाशी का नाहीत, असे तो कोणालाही विचारणार नाही. ज्या दोघांनी व्यवहार केला त्यांपैकी एकाचे दहा झाले आणि एकाचे चार. तरी दोघांनाही एकाच शब्दांत शाबासकी मिळाली आणि दोघांनाही त्याच आनंदात बोलावणे आले, हे विसरू नका.

हे दयाळू प्रभो, तू आमच्या हातांत जे ठेवले आहे ते आम्हांला दाखव. भयाने पुरलेले उकरून काढण्याचे बळ दे. आमच्या शब्दाने ज्यांची देणगी मातीखाली गेली, त्यांची क्षमा मागण्याची नम्रता दे. आणि तू येशील तेव्हा आमचे हात रिकामे अथवा मातीने माखलेले न सापडोत. आमेन.